एका जागेवरच्या दोघी जावा

हिंगोलीहून सेनगावकडे निघालं की थोड्या अंतरावर हळदीचा एक कारखाना लागतो. तिथं मी माणसांचं काम बघायचे. आता त्याला एचआर म्हणतात आणि ते शिकायला पोरं पुण्याला जाऊन राहतात. मी लागले तेव्हा त्या कामाला नावच नव्हतं. मालकानं वजनकाट्याशेजारची खोली दाखवली, एक टेबल दिलं आणि म्हणाला, "ताई, मशिनीचं मी बघतो, माणसांचं तुमी बघा." मी बघितलं. कामावर कुणाला घ्यायचं, रजा कुणाला द्यायची, भांडण कुणाचं मिटवायचं, पिऊन आलेल्या नवऱ्याला फाटकावरूनच कसं परत लावून द्यायचं, सगळं माझ्याकडे. माझी जीभ तिखट आहे. घरचे रोज सांगतात, त्यामुळे मलाही ते पाठ झालंय. पण त्याच जिभेवर कारखान्यातल्या बायका विसंबून होत्या आणि मालकही.

मालक माझ्याहून वयानं लहान. पत्र्याची एकच शेड होती तेव्हापासून मी त्याच्याबरोबर. त्याच्या घरच्या महालक्ष्म्यांना मी दरवर्षी सवाष्ण म्हणून जेवायला बसत आले, त्याची बायको माझी ओटी भरायची. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते कुण्या परक्यानं केलं असतं तर मी चार शिव्या घालून मोकळी झाले असते.

कारखान्यात बायकांचं काम निवडीचं. पट्ट्यावरून हळकुंडं सरकत येतात, त्यातले खडे, मुळ्या, किडकं काढायचं. बसून करायचं काम, पण रोजचं. आणि रोज येणं हीच आमच्याकडच्या बायकांची अडचण. घरी म्हैस असते, अंथरुणाला खिळलेलं माणूस असतं, सोयाबीन काढणीला येतं, लेकराला गोवर निघतो. म्हणून बायकांनी आपली एक रीत पाडली होती. एका घरच्या दोघी जावा मिळून एक जागा धरायच्या. एक घरी, एक कामावर. आज हिला जमलं नाही तर ती येणार. कामाला खाडा नाही आणि घरही उघडं पडत नाही. नाव एकीचं, जागा दोघींची.

यातली पहिली जोडी मीच बसवली होती. सेनगावकडच्या गोरेगावच्या अलीकडच्या एका खेड्यातल्या दोघी. थोरली उंच, कमी बोलणारी, हात इतका सफाईचा की पट्टा तिच्यासमोरून गेला की पुढच्या बाईला काम उरायचं नाही. धाकटी तोंडाळ, हसरी, जीपमधून उतरण्याआधी तिचा आवाज फाटकात यायचा. सासरा अंथरुणावर, नवरे दोघेही शेतात. नाव थोरलीचं लावलं. पुढं हजेरीला अंगठ्याचं यंत्र आलं तेव्हा पंचाईत झाली. मग मी थोरलीचा उजवा अंगठा घेतला आणि डाव्या अंगठ्याच्या जागी धाकटीचा. यंत्राच्या मते ती एकच बाई होती, कधी उजव्या हातानं हजेरी लावणारी, कधी डाव्या. मालकाला मी हे स्वतः सांगितलं होतं. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "ताई, तुमी तर दोन जावांची एकच बाई करून टाकली. चालू द्या, काम थांबत न्हाई ना?"

काम थांबत नव्हतं. म्हणून मी दोघींना शब्द दिला की ही जागा तुमची, तुम्हाला कुणी उठवणार नाही. मालकाचा होकार घेऊनच दिला होता. त्यानंतर बऱ्याच जोड्या झाल्या, पण पहिल्या शब्दाचं मला जास्त वाटायचं.

मग एजंट आला. आमच्याकडे एजंट म्हटलं की आरटीओच्या दारात फाईल घेऊन उभा असलेला माणूस डोळ्यासमोर येतो. हा एजंट म्हणजे माणूस नव्हे, कॉम्प्युटरमधला. तो फोन उचलतो, रजा ऐकून घेतो, मंजूर करतो, बदली माणूस शोधतो, नव्या माणसाची मुलाखतसुद्धा घेतो. मालक पुण्यात कुठंतरी बघून आला होता आणि त्याचे डोळे लकाकत होते. मी म्हटलं, "मग मी काय करू? हळकुंडं निवडू?" तो म्हणाला, "तसं न्हाई ताई. तुमच्या जिवाला किती तकलीफ हाय. पहाटेपासून फोन. तुमी आता जरा सुखानं बसा."

ते खरं होतं, हे कबूल करायला हवं. पहाटे चहाचं भांडं ठेवलं की फोन सुरू व्हायचे. मॅडम, लेकराला ताप हाय. मॅडम, जीप आली न्हाई. माझा नवरा म्हणायचा, तुझं लग्न माझ्याशी झालंय की कारखान्याशी. त्यामुळे कुणीतरी माझ्याऐवजी फोन उचलणार, यात मला आनंदच झाला. आनंद झाला नाही असं आता रागात म्हणणं सोपं आहे, पण खोटं आहे.

पुण्याहून एक मुलगी आणि एक मुलगा आला. ते म्हणाले, एजंटला आवाज द्यायचाय. तयार आवाज होते त्यांच्याकडे, मऊ, पुस्तकी, बातम्या वाचणाऱ्यासारखे. मालकानं ते ऐकवले आणि माझं मत विचारलं. मी म्हटलं, "या आवाजाशी आमच्या बाया बोलायच्या न्हाईत. ओळखीचा आवाज असला की मोकळ्या होतात, खोटं बोलत न्हाईत. अशा शहरी बाईसमोर त्या तोंडात मूग धरून बसतील." मालक माझ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मंग तुमचाच देऊ की."

नमुने ठेवायच्या खोलीत पंखा बंद करून, आवाज घुमू नये म्हणून भिंतींना हळदीची पोती लावून मला बसवलं. घाम आणि शिंका. मी वाचत होते, मध्येच मुलगी म्हणायची, "मॅडम, वाचू नका, बायकांशी बोलता तसं बोला." मग मी बोलले. रागावले, समजूत घातली, चेष्टा केली, लग्नाचं निमंत्रण घेतलं, मयतीच्या घरी बोलतात तसं हळू बोलले. मला ते आवडत होतं. आयुष्यात कुणी माझं बोलणं असं कान देऊन ऐकलं नव्हतं. ती मुलगी मान डोलावत होती आणि मी आणखी बोलत होते. शेवटी एका कागदावर सही घेतली, ती मी केली. घरच्या माणसाचा कागद कोण वाचत बसतं?

सुरुवातीला सगळं झकास चाललं. माझी झोप झाली. बायकाही खूश. धाकटी मला फाटकात गाठून म्हणाली, "मॅडम, आता तुमी लई गोड बोलून राहिल्या फोनवर. पहिले कशा खेकसत व्हत्या!" मी तिला सांगितलं, "अगं, ते यंत्र आहे. माझा फक्त आवाज." जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनाच गोळा करून सांगितलं. त्या हसल्या. एकीनं पदराआडून विचारलं, "पर मॅडम, आवाज तुमचा म्हणल्यावर बोलणं बी तुमचंच ना?" त्यावर मी काहीतरी थट्टेचं बोलले. त्यांच्या हिशेबानं माणसाचा आवाज माणसाबरोबरच असतो, दुसरीकडे कुठं राहणार? माझाही हिशेब तेव्हा त्याहून फार वेगळा नव्हता.

दरम्यान मालकानं माझं काम बदललं. बाहेरदेशी माल घेणारे लोक तपासणीला येणार होते, त्यांची तयारी माझ्याकडे दिली. स्वच्छतागृहाच्या पाट्या, डोक्याच्या टोप्या, पाहुण्यांचं जेवण. रजा आणि हजेरी पूर्णपणे एजंटकडे गेली. कानामागून आली अन् तिखट झाली, असं मी हिशेबनिसाला हसत म्हणाले सुद्धा. तो हसला नाही, खाली बघून काम करत राहिला.

तपासणी झाली, पाहुणे औंढ्याला नागनाथाचं दर्शन घेऊन गेले, आणि मी बऱ्याच दिवसांनी निवडीच्या शेडमध्ये चक्कर मारली. पट्ट्याजवळ नवे चेहरे दिसले. ठेकेदाराच्या गाडीतून आलेल्या, वयानं कोवळ्या मुली. थोरलीच्या जागेवर त्यातली एक बसली होती. मी मुकादमीणबाईला विचारलं, "त्या दोघींपैकी आज कुणीच नाही का?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली की मीच काही वेड्यासारखं बोलले. "मॅडम, त्यायला काढून टाकलं ना. सगळ्या जोड्या काढल्या. तुमीच तर फोन केला व्हता त्यायला."

मी तशीच मालकाच्या केबिनमध्ये गेले. तो म्हणाला, "बसा ताई, चहा सांगतो." मी म्हटलं, "बसायला आले न्हाई. माझ्या बायांना कुणी काढलं?"

"मी न्हाई काढलं," तो म्हणाला. "एजंटनं काढलं. नियमात बसत नव्हतं."

"एजंटला कसं कळलं कोण कुणाच्या जागी येतं ते? यंत्राला तर एकच बाई दिसत होती."

"त्यानं इच्यारलं, त्यायनं सांगितलं. कुठं जबरदस्ती केली का ते तुमीच ऐका." आणि त्यानं मोठ्या शहाणपणानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला आणि एक फोन सुरू केला.

आधी धाकटीचा आवाज. "मॅडम, उद्या थोरलीच्या बदली मी येऊन राहिले. तिला सासऱ्याला दवाखान्यात न्यायचं हाय."

मग माझा. "बरं माय. आता कसं हाय सासऱ्याचं?"

"हाय तसंच."

"अन् तुमी दोघी असं आलटून पालटून कधीपासून येऊन राहिल्या?"

धाकटी हसली. फोनमधूनही ते हसू मला दिसलं. "काय मॅडम, तुमीच लावून दिलं अन् मलाच इच्यारता व्हय?"

"सांग गं. मला ध्यानात न्हाई राहिलं."

मग तिनं सांगितलं. उजवा अंगठा, डावा अंगठा, कोण कधी येतं, आणखी कुणाकुणाच्या जोड्या आहेत. चुगली म्हणून नव्हे. मी विसरले म्हणून मला आठवण करून देत होती बिचारी. मध्ये मध्ये मी 'हं, हं' करत होते, मी नेहमी करते तसंच. मला ध्यानात राहिलं नाही, असं मी माझ्या बायांपैकी कुणाला कधी म्हटलेलं नाही. त्यांच्या लेकरांच्या जन्माच्या वेळा माझ्या ध्यानात आहेत. माझ्या तोंडून माझ्याच माणसांशी खोटं बोलवलं होतं आणि ते बोलताना आवाज कुठं अडखळलाही नाही.

"हा प्रश्न त्याला कुणी घालायला लावला?" मी विचारलं.

मालक म्हणाला, "ताई, बाहेर माल पाठवायचा तर माणूस न् माणूस बराबर कळावं लागतं. उद्या कुण्या बाईचा हात मशिनीत गेला अन् नाव दुसरीचंच निघालं तर?"

हे खरं होतं. म्हणूनच मला जास्त राग आला. "मग मला सांगायचं. मी दोघींना समोर बसवून बोलले असते. दोघींची दोन नावं लावली असती, अर्धी अर्धी पाळी केली असती, काहीतरी वाट काढली असती."

"तुमी भांडल्या असत्या."

"भांडले असते!"

"म्हणूनच," तो म्हणाला. आणि मग अगदी साध्या आवाजात, "ताई, तुमीच सांगितलं ना, ओळखीच्या आवाजाला त्या खोटं सांगत न्हाईत म्हणून."

केसानं गळा कापणं हा शब्द मी लहानपणापासून ऐकलाय. कसा कापत असतील, असं वाटायचं. तो असा कापतात. चहा सांगून, ताई म्हणून. मी त्याला म्हटलं, त्या दोघींची जागा परत दे. तो म्हणाला, ठेकेदाराशी करार झालाय. मी म्हटलं, तुझी जबान होती. तो म्हणाला, "ताई, तवा शेड एक व्हती." मी म्हटलं, मग माझा आवाज काढून टाक त्यातून. त्यावर तो म्हणाला की सही आहे तुमची, आणि बायांना सवय झाली आता, मध्येच बदलला तर घाबरतील. बायांच्या घाबरण्याची त्याला केवढी काळजी! मी टेबलाची किल्ली त्याच्यापुढं ठेवली आणि निघाले. तो दारापर्यंत आला. "महालक्ष्म्यांना या," म्हणाला. हे त्याला खरंच म्हणायचं होतं, आणि तेच मला सगळ्यात झोंबलं.

घरी नवऱ्यानं समजूत घातली, की गेलीस ते बरं झालं, तब्येत बघ. पण माझ्या डोक्यात एकच होतं. त्या दोघींना वाटतंय की मी काढलं. शब्द दिला मी आणि फोनही केला मी. नोकरी गेली तर दुसरी मिळते, निवडीला आणखी कारखाने आहेत. पण माझं तोंड त्यांच्यापुढं काळं झालं होतं आणि ते दुसऱ्याच कुणीतरी केलं होतं. मी धाकटीला फोन लावला. तिनं उचलला, मी "अगं मी बोलतेय" म्हणाले आणि तिनं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट. मग लक्षात आलं की फोनवर मी कितीही खरं बोलले तरी ते माझं की यंत्राचं, हे तिला कळणार नाही.

म्हणून जीप धरली आणि गेले. गोरेगावच्या अलीकडं फाट्यावर उतरले, पुढं चालत. ऊन चांगलं तापलं होतं. आमच्याकडं दारात आलेल्याला पाणी दिल्याशिवाय काही विचारत नाहीत, वैरी असला तरी. धाकटीनं तांब्या आणून ठेवला आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभी राहिली. पहिल्यांदाच मी तिला गप्प बघत होते. थोरली अंगणात तूर पाखडत बसली होती. तिनं सूप थांबवलं नाही.

मी सगळं सांगितलं. पोती लावलेली खोली, सही, मालकाचा तो प्रश्न, मला तपासणीच्या कामाला लावून दिलं ते, मी किल्ली फेकून आले ते. माझा आवाज चढत गेला. मालकाला मी तिथं बसून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. म्हटलं, त्यानं तुम्हाला फसवलं तसं मलाही फसवलं. बंदूक त्याची, खांदा माझा.

धाकटी हळूच म्हणाली, "मला वाटलंच व्हतं मॅडम. तुमी इसरणाऱ्या न्हाई." आणि ती रडायला लागली. मला बरं वाटलं. आपलं खरं झालं की माणसाला बरं वाटतं, समोरच्याचं काय गेलं ते थोडा वेळ दिसत नाही.

थोरलीनं सूप खाली ठेवलं. हात झटकले. "त्यो दुसरा फोन मला आला व्हता," ती म्हणाली. "जागा बंद झाली म्हणून. मी रडाया लागले, मॅडम. फोनवर मी कदी रडले न्हाई. तर तुमी म्हणल्या, रडू नको माय. जा, आधी पाणी पेऊन ये. मी हाय इथंच, फोन न्हाई ठेवत."

मी तिच्याकडे बघत होते.

"मी फोन माच्यावर ठेवला अन् रांजणापाशी गेले. पाणी पेले. तोंड धुतलं. मनात म्हणलं, मॅडम थांबल्या हायत, म्हणजे कायतरी करतीन. पळत आले. तवर फोन बंद व्हता."

धाकटीचं रडणं थांबलं होतं. थोरलीनं सूप पुन्हा उचललं, पण पाखडलं नाही, मांडीवर तसंच धरून बसली.

"तुमी नव्हत्या त्या, कळलं मला," ती म्हणाली. "तुमच्यावर राग न्हाई. पर खरं सांगा. तुमी असत्या, तर काय म्हणल्या असत्या?"

माझ्या ओठांवर तेच वाक्य आलं. रडू नको माय, आधी पाणी पेऊन ये. मी असते तर हेच म्हणाले असते, अगदी याच आवाजात, आणि समोरच्या त्या दोघींना ते माहीत होतं.